उंदीर, प्लेग आणि घर : मुंबई इलाख्यातील मूषकनिर्मूलनाचा इतिहास (१८९६ ते १९१०) आणि त्याचा आजचा अर्थ

प्रस्तावना

उंदीर हा मानवाचा फार जुना सहनिवासी आहे. मनुष्याने धान्य साठविण्यास प्रारंभ केला तेव्हापासून उंदराने त्याची पाठ सोडलेली नाही. मराठी भाषेत उंदराविषयीचे वाक्प्रचार विपुल आहेत. डोंगर पोखरून उंदीर काढणे, उंदराला मांजर साक्ष, मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हे सर्व या सहवासाचेच पुरावे होत. तथापि इतिहासलेखनात उंदराला फारसे स्थान मिळालेले नाही. राजे, लढाया, तह, चळवळी यांच्या नोंदी होतात. घरातील उंदीर कसे घालवावेत हा प्रश्न गृहिणीचा किंवा फार तर नगरपालिकेचा मानला जातो.

परंतु आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात असा एक कालखंड येऊन गेला की, ज्यात घरातील उंदीर हा राज्यकर्ते, शास्त्रज्ञ, डॉक्टर, पुढारी आणि सामान्य रहिवासी या सर्वांच्या चिंतेचा विषय बनला होता. तो कालखंड म्हणजे १८९६ च्या प्लेगचा आणि त्यानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांचा होय. या प्लेगविषयी डेव्हिड अर्नोल्ड, राजनारायण चंदावरकर, प्रशांत किदंबी आदी अभ्यासकांनी मोलाचे लेखन केले आहे. त्यांचा भर प्रामुख्याने वसाहतवादी सत्ता, शहरनियोजन आणि लोकांचा प्रतिकार यांवर आहे. प्रस्तुत शोधनिबंधात त्याच घटनांकडे उंदीर आणि घर यांच्या संबंधाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) १८९६ ते १९१० या काळात उंदरांविषयीचे शास्त्रीय ज्ञान कसे बदलत गेले याचा आढावा घेणे.
२) उंदीर मारण्याच्या मोहिमांच्या मर्यादा तपासणे.
३) घराची रचना आणि उंदरांचे वास्तव्य यांचा संबंध स्पष्ट करणे.
४) या इतिहासातून आजच्या मूषकनियंत्रणासाठी मिळणारा बोध शोधणे.

या निबंधाचे गृहीतक असे की, उंदीर घालविण्याचा प्रश्न हा मुळात उंदीर मारण्याचा प्रश्न नसून तो घराच्या रचनेचा, धान्यसाठ्याचा आणि कचऱ्याचा प्रश्न आहे. हे सत्य शंभर वर्षांपूर्वी मुंबईतच प्रयोगाने सिद्ध झाले होते. परंतु अवघड उपायापेक्षा सोपा उपाय निवडण्याची प्रवृत्ती तेव्हाही होती व आजही आहे.

१) उंदीर आणि जुने मराठी घर

जुन्या मराठी घराची रचना पाहिली तर उंदराला तेथे अन्न, आसरा आणि वाट या तिन्ही गोष्टी सहज उपलब्ध होत्या असे दिसते. मातीच्या जाड भिंती पोखरण्यास सोप्या. जमीन शेणाने सारवलेली, त्यामुळे बीळ करण्यास अडचण नाही. वर्षाचे धान्य कणगीत, बळदात किंवा पेवात साठविलेले. माळ्यावर अडगळ, सरपण, जुनी भांडी. छप्पर नळीच्या कौलांचे. एकावर एक रचलेल्या त्या अर्धगोल कौलांच्या पोकळीत उंदरांची वीण सुखाने नांदत असे.

आपल्या प्रदेशातील घराशी संबंध येणारे उंदीर मुख्यतः दोन प्रकारचे. एक काळसर घरउंदीर. हा चपळ, चढण्यात पटाईत, आढ्यावर आणि छपरात राहणारा. दुसरा आकाराने मोठा, तपकिरी उंदीर. हा बंदराच्या शहरांत गटारे, नाल्या आणि तळघरांत आढळतो. यांखेरीज अंगण आणि परसात जमीन उकरणारी घूस आणि भिंतीच्या कडेने फिरणारी चिचुंद्री आहेच. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती उंदराच्या जातीची नव्हे. ती कीटक खाऊन जगते. हे भेद सामान्य वाटले तरी पुढे प्लेगच्या संशोधनात त्यांना फार महत्त्व आले.

उंदीर घालविण्याचे पारंपरिक उपायही ठरलेले होते. मांजर पाळणे, पिंजरा किंवा चाप लावणे, बिळात काचांचे तुकडे घालून ते चिखलाने लिंपणे, बिळाशी धूर करणे. उंदीर हा गणपतीचे वाहन, त्यामुळे त्याला मारण्याविषयी अनेक घरांत संकोच असे. जैन आणि वैष्णव कुटुंबांत जीवहत्या वर्ज्यच होती. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर दूर नेऊन सोडणे ही तडजोड त्यातून निघाली. प्रस्तुत लेखिकेने बालपणी राहत्या चाळीत हा प्रकार अनेकदा पाहिला आहे. सकाळी पिंजरा घेऊन निघालेला शेजारी उंदीर नाल्यापलीकडे सोडून येई, आणि पलीकडच्या वस्तीतील माणसेही तेच करीत. दोन्ही वस्त्यांना पुण्य लाभे. उंदरांच्या संख्येत मात्र काही फरक पडत नसे.

उंदीर मरू लागणे आणि माणसे मरू लागणे यांचा संबंध लोकांना ठाऊक नव्हता असे नाही. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात, अंगणात झिंगल्यासारखा पडत-उठत फिरणारा उंदीर, त्याला तोंडात धरलेल्या मांजराचे आजारी पडणे आणि त्यानंतर त्या घरातील दासींना आलेल्या गाठी यांची नोंद आहे. कुमाऊँ-गढवालच्या डोंगराळ भागात उंदीर मरू लागले की गाव सोडण्याची रीत होती. महाराष्ट्रातही पुढे ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द ऐकताच बिऱ्हाड गुंडाळून रानात झोपड्या घालण्याची पद्धत रूढ झाली. लोकांच्या या अनुभवजन्य ज्ञानास शास्त्राची मान्यता मिळण्यास मात्र विलंब लागला.

२) १८९६ : शत्रूची चुकलेली ओळख

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे निदान जाहीर केले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. व्हिएगस हे मुंबई महानगरपालिकेचे सदस्य होते. मांडवीचे स्थान येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. हा भाग बंदराला लागून, दाणाबंदर येथेच. गलबतांतून आणि जहाजांतून येणारे धान्य याच भागातील वखारींत साठविले जाई आणि त्याच वखारींच्या वर व मागे माणसांची दाट वस्ती होती. येथील वखारींत मोठ्या संख्येने उंदीर मरून पडल्याचे त्या काळी अनेकांनी पाहिले होते.

प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधून काढला होता. मेलेल्या उंदरांतही तो आढळला होता. परंतु तो उंदरातून माणसात कसा येतो हे कोणास ठाऊक नव्हते. अधिकाऱ्यांच्या मनावर घाण, दुर्गंधी आणि दूषित हवा यांच्या जुन्या कल्पनांचा पगडा होता. त्यामुळे उपाय योजले गेले ते घाणीविरुद्ध आणि प्रत्यक्षात माणसांविरुद्ध. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडण्यात आले. घरांना चुना फासला गेला, जमिनी खणल्या गेल्या, सूर्यप्रकाशासाठी कौले उतरविली गेली, रोग्यांचे सामान जाळले गेले. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात आली.

यातील गटारे धुण्याचा उपाय विशेष विचार करण्याजोगा आहे. गटारात पाण्याचा लोंढा सोडल्यावर तेथील उंदीर जाणार कोठे? ते वर येणार, म्हणजे घराकडेच येणार. घर निर्जंतुक करावयाचे आणि त्याच वेळी गटारातील उंदीर घराकडे हाकलावयाचे, असा हा विपरीत व्यवहार होता. अधिकाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु उंदराच्या सवयींविषयीचे अज्ञान किती महाग पडू शकते याचे हे उदाहरण होय.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीचे रोग अधिनियम संमत झाला. त्याच्या आधाराने पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घराघरांची झडती सुरू केली. देवघर, माजघर, स्वयंपाकघर यांत सैनिक शिरले. या अत्याचारांविरुद्धच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास सर्वपरिचित आहे. याच साथीत रोग्यांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. येथे एवढेच नमूद करावयाचे की, पुण्याच्या त्या झडत्यांत सैनिक ज्याचा शोध घेत होते तो रोगी मनुष्य होता. रोगाचा वाहक त्याच घराच्या आढ्यावर होता आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. शत्रूची ओळखच चुकली होती.

१८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या प्रारंभी सुमारे चार लाख लोकांनी शहर सोडले. रेल्वे आणि बोटींतून माणसांबरोबर धान्य, कपडे आणि बोचकीही गेली. त्यांच्याबरोबर आणखी काय गेले हे पुढच्या काही वर्षांत इलाखाभर पसरलेल्या साथीने दाखवून दिले.

३) पिसवेचा शोध आणि त्याची उपेक्षा

उंदीर आणि माणूस यांच्यामधील दुवा सापडला तो मुंबई इलाख्यातच. कराची हे शहर त्या वेळी या इलाख्यात समाविष्ट होते. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी २ जून १८९८ रोजी तेथे एक साधा प्रयोग केला. मोठ्या काचपात्रात पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला. त्याच पात्रात एका जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर अशा रीतीने ठेवला की, दोघांचा परस्परांस स्पर्श होऊ नये. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडताच पिसवा ते सोडतात आणि जवळचे दुसरे ऊबदार शरीर शोधतात, असा निष्कर्ष सिमाँ यांनी काढला.

हा शोध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, परंतु त्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १८९८ मध्ये नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशननेही पिसवेचा सिद्धान्त जवळजवळ निकालात काढला. शास्त्रज्ञांतही प्रस्थापित मताविरुद्ध जाणाऱ्या पुराव्याची उपेक्षा कशी होते याचे हे बोलके उदाहरण आहे. त्या उपेक्षेत अनेक वर्षे वाया गेली.

या सिद्धान्ताला पुन्हा उजाळा दिला तो मुंबईत काम करणाऱ्या डॉ. ग्लेन लिस्टन यांनी. त्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुंबईतील एका चाळीची हकिगत दिली आहे. एप्रिल महिन्यात त्या चाळीत उंदीर मरू लागले. थोड्याच दिवसांत रहिवाशांना पिसवांचा एवढा उपद्रव होऊ लागला की, लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपू लागले. त्यानंतर त्यांच्यातील काहींना प्लेग झाला. तेथील माणसांवरील पिसवा पकडून तपासल्या असता त्यांत उंदरांवर आढळणाऱ्या पिसवांचे प्रमाण लक्षणीय निघाले. एरवी माणसावर या पिसवा क्वचितच सापडतात. उंदीर मेल्यावर उपाशी झालेल्या पिसवा माणसाकडे वळल्या होत्या.

यातून एक अत्यंत महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. प्लेगच्या काळात केवळ उंदीर मारणे हा उपाय धोक्याचा ठरू शकतो, कारण उंदीर मेला तरी पिसू जिवंत राहते आणि ती माणसाला चावते. म्हणूनच प्लेगग्रस्त भागात प्रथम पिसवांचा आणि मगच उंदरांचा नाश करावा, असे धोरण पुढे सर्वत्र मान्य झाले.

४) परळचे प्रयोग : छपराचा पुरावा

प्लेग प्रतिबंधक लस तयार करणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या नव्या प्लेग संशोधन आयोगाचे कामही याच वास्तूत चालले. या आयोगाने उंदीर आणि घर यांच्या संबंधाविषयी केलेले प्रयोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचे आहेत.

आयोगाने परळ येथे लहान आकाराच्या सहा खोल्या बांधल्या. सर्व खोल्यांची रचना सारखीच. फरक होता तो फक्त छपरात. पहिल्या दोन खोल्यांवर नळीची देशी कौले होती, ज्यांत उंदीर मुक्तपणे राहू शकत. पुढील दोन खोल्यांवर सपाट मंगलोरी कौले होती. ही कौले मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यामुळे प्रसिद्धीस आली होती. त्यांच्याखाली उंदरांना देशी कौलांइतकी सोयीची जागा मिळत नसे. उरलेल्या दोन खोल्यांवर पन्हाळी पत्रे होते व उंदरांचा खोलीशी संबंध येऊ नये अशी व्यवस्था होती. या खोल्यांत गिनीपिग ठेवून निरीक्षणे करण्यात आली. ज्या खोल्यांच्या छपरात उंदीर राहत होते त्या खोल्यांतील गिनीपिगांना पिसवा लागल्या आणि प्लेगही झाला. खालचे प्राणी एकाच प्रकारचे, जमीन तीच, हवा तीच. फरक होता तो फक्त छपराचा.

दुसऱ्या प्रयोगात गिनीपिग पिंजऱ्यांत ठेवण्यात आले. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांना रोग झाला. जमिनीपासून सुमारे दोन फूट उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी वाचले. हवा दोघांनाही सारखीच मिळत होती. पिसवेची उडी मात्र काही इंचांपलीकडे जात नाही. अशा रीतीने दूषित हवेचा जुना सिद्धान्त दोन फुटांच्या अंतराने खोटा ठरला.

शहराच्या वेगवेगळ्या भागांत पकडलेल्या उंदरांना ते कोठे सापडले याची चिठ्ठी बांधून प्रयोगशाळेत आणले जाई व त्यांची चिकित्सा होई. त्यातून असे दिसून आले की, साथ प्रथम गटारातील तपकिरी उंदरांत पसरते, सुमारे दहा दिवसांनी घरातील काळ्या उंदरांत आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी माणसांत. म्हणजे गटार, हाऊस गल्ली, घर आणि माणूस अशी ही साखळी होती. दोन इमारतींच्या मधल्या अरुंद हाऊस गल्लीत वरच्या मजल्यांवरून फेकलेले खरकटे आणि सांडपाणी साचत असे. तेथेच गटारातील आणि घरातील उंदरांची गाठ पडत असे. मुंबईत हाऊस गल्ली हा शब्द आजही प्रचारात आहे आणि तेथील कचऱ्याची तक्रारही.

५) उंदीर मारण्याची मोहीम आणि तिच्या मर्यादा

उंदीर हा प्लेगचे मूळ ठरल्यावर त्याला मारण्याच्या मोहिमा सुरू होणे स्वाभाविक होते. पिंजरे वाटणे, विषारी आमिष ठेवणे, उंदीर पकडणारी पथके नेमणे, पकडलेल्या उंदरांसाठी बक्षीस देणे असे उपाय निरनिराळ्या शहरांत योजले गेले. नागपूर-वऱ्हाड भागात काम केलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉ. अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. ज्या घरांत मांजरे अधिक तेथे प्लेग कमी, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजीबाईच्या उपायाला वैद्यकीय नियतकालिकात मिळालेले हे स्थान लक्षणीय होय.

परंतु या मोहिमांना तीन मर्यादा होत्या. पहिली मर्यादा लोकांच्या श्रद्धेची होती. तिच्याकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. ज्या सरकारने कालपर्यंत घरात शिरून माणसांना ओढून नेले, त्याच सरकारची माणसे आता विष घेऊन दारात उभी होती. त्यांच्याविषयीचा अविश्वास हा १८९७ चा वारसा होता.

दुसरी मर्यादा बक्षिसाची होती. याच काळात, १९०२ मध्ये, फ्रेंच सत्तेखालील हनोई शहरात उंदरांच्या शेपट्या आणून देणाऱ्यांस पैसे देण्यात येऊ लागले. काही दिवसांतच शहरात शेपटी नसलेले जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले आणि काही लोक चक्क उंदरांची पैदास करीत असल्याचे उघडकीस आले. बक्षीस उंदरांच्या अभावासाठी नव्हते, शेपटीसाठी होते. म्हणून शेपट्यांचेच उत्पादन वाढले.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलभूत, म्हणजे उंदराच्या जीवशास्त्राची होती. उंदराचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा. एका वेळी सहा ते दहा पिले होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम होतात. त्यामुळे मारलेल्या उंदरांची जागा अल्पावधीत भरून निघते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस यांनी केलेल्या अभ्यासातून हे नेमकेपणाने स्पष्ट झाले. उंदरांची संख्या ही त्या वस्तीत त्यांना मिळणाऱ्या अन्नावर आणि आसऱ्यावर ठरते. केवळ मारल्याने ती काही महिन्यांत पूर्ववत होते. अन्न आणि आसरा काढून घेतल्यास मात्र ती कायमची घटते. परळच्या छपरांनी जे सुचविले होते त्याचेच हे समर्थन होय.

६) घरांचा प्रश्न

मुंबई सरकारला घरांचा प्रश्न उमजला नव्हता असे म्हणता येत नाही. १८९८ मध्ये खास कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली ती प्लेगमुळेच. ट्रस्टने नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडल्या. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. आग्रीपाड्यासारख्या ठिकाणी चाळी बांधल्या आणि पुढे दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत नियोजनबद्ध वसाहती वसविल्या. मुंबईचा आजचा मध्यवर्ती चेहरा घडविण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

तथापि ट्रस्टने जेवढी घरे पाडली त्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरे अपुरी होती. ज्यांची खोली गेली ते कामगार कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हते आणि नवे भाडेही त्यांना परवडणारे नव्हते. ते शेजारच्या चाळीत, आधीच भरलेल्या खोलीत, शिरले. गर्दी नाहीशी झाली नाही, तिने केवळ जागा बदलली. नाल्यापलीकडे सोडून दिलेल्या उंदराची आठवण येथे झाल्याखेरीज राहत नाही. मात्र येथे पलीकडे लोटली गेली ती माणसे होती.

येथेच या इतिहासातील खरा प्रश्न उभा राहतो. उंदीर घालविण्याची जबाबदारी कोणाची? रहिवासी आपल्या खोलीपुरता पिंजरा लावू शकतो. परंतु छप्पर दुरुस्त करणे, भिंतीतील भगदाडे बुजविणे, हाऊस गल्ली साफ ठेवणे, मोरीला जाळी बसविणे ही कामे घरमालकाची आणि नगरपालिकेची. प्लेगच्या काळात दोष आला तो मुख्यतः रहिवाशाच्या तथाकथित अस्वच्छतेवर. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसांनी राहावे लागणे ही त्यांची सवय नव्हती, ती त्यांच्या मजुरीची आणि त्या खोलीच्या भाड्याची परिणती होती.

७) १९९४ आणि त्यानंतर

भारतात प्लेगने १८९६ नंतरच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. १९४० च्या दशकानंतर डीडीटी आणि प्रतिजैविके उपलब्ध झाल्याने हा रोग ओसरला. तो इतिहासजमा झाला असे वाटत असतानाच १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार माजविला. त्यापूर्वी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला होता. भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले, तेथे उंदीर माजले आणि त्यातून हा उद्रेक झाला, असे एक स्पष्टीकरण त्या वेळी मांडले गेले. धान्य आहे, घर आहे आणि माणूस नाही, ही उंदराला सर्वांत अनुकूल स्थिती होय.

सुरतेत १९९५ मध्ये एस. आर. राव यांनी आयुक्तपदाची सूत्रे हाती घेतली आणि कचरा रोज उचलणे, गटारे व रस्ते सुधारणे, अधिकाऱ्यांना रोज प्रत्यक्ष वस्तीत पाठविणे या मार्गांनी शहराचे रूप पालटले. उंदरांच्या मागे धावण्यापेक्षा त्यांचे अन्न बंद करणे अधिक फलदायी होय, याची साक्ष या प्रयत्नाने मिळते.

मुंबईत मात्र उंदीर मारण्याची परंपरा अखंड चालत आली. महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कामगार रात्रीच्या वेळी हातात काठी आणि विजेरी घेऊन बाजार आणि गल्ल्यांतून उंदीर मारतात. २०११ मध्ये प्रदर्शित झालेल्या मिरियम चंडी मेनाचेरी यांच्या ‘द रॅट रेस’ या माहितीपटात या कामगारांचे जीवन चित्रित झाले आहे. एका रात्रीत तीस उंदीर, हे त्यांचे लक्ष्य. त्यांचे श्रम आणि धैर्य यांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, ज्या गल्लीत सायंकाळी पुन्हा खरकटे पडणार आहे तेथे तीस उंदरांची जागा घेणारे दुसरे तीस तयारच असतात.

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारे जंतू पायाच्या जखमांतून माणसाच्या शरीरात जातात. प्लेग गेला तरी उंदराकडून येणारे रोग गेलेले नाहीत, हे त्यावरून स्पष्ट झाले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत १८९७ चाच साथीचे रोग अधिनियम पुन्हा अमलात आला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा आपण जपला. परळच्या सहा खोल्यांचा धडा मात्र तितक्या कटाक्षाने जपला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) १८९६-९७ मध्ये शासनाने योजलेले उपाय माणसांविरुद्ध होते, कारण रोगाच्या खऱ्या वाहकाची ओळख पटलेली नव्हती. लोकांच्या अनुभवजन्य ज्ञानाकडे झालेले दुर्लक्ष हे त्याचे एक कारण होते.

२) उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी मुंबई इलाख्यातच सिद्ध झाली. साथीच्या काळात पिसवांचा बंदोबस्त न करता केवळ उंदीर मारणे धोक्याचे असते हे त्यातून कळले.

३) परळ येथील प्रयोगांनी घराची रचना हाच निर्णायक घटक असल्याचे दाखवून दिले.

४) उंदीर मारण्याच्या मोहिमा तात्पुरता दिलासा देतात. धान्य झाकणबंद पत्र्याच्या डब्यांत वा कोठ्यांत ठेवणे, रात्री खरकटे उघडे न ठेवणे, अर्ध्या इंचाहून मोठी भोके सिमेंट व जाळीने बुजविणे, अडगळ काढणे आणि कचरा रोज उचलला जाणे हे टिकाऊ उपाय होत.

५) यांतील काही उपाय घरातील माणसांच्या हाती आहेत, परंतु बरेचसे घरमालक, गृहनिर्माण संस्था आणि नगरपालिका यांच्या हाती आहेत. म्हणून उंदीर हा केवळ गृहिणीच्या दक्षतेचा विषय न मानता नागरी हक्काचा विषय मानला पाहिजे.

समारोप

इतिहासाच्या वर्गात १८९७ चा प्लेग शिकविताना विद्यार्थी रँडविषयी, चाफेकरांविषयी आणि टिळकांवरील खटल्याविषयी विचारतात. उंदराविषयी कोणी विचारीत नाही. परंतु त्यांतील अनेक विद्यार्थी ज्या घरांतून महाविद्यालयात येतात त्या घरांत रात्री पिंजरा लावला जातो, पुस्तके कुरतडली जातात, लहान भावंडांच्या पायाला उंदीर चावतो. त्यांच्या दृष्टीने हा इतिहास संपलेला नाही. उंदीर मारणे सोपे आहे. उंदराला राहता येणार नाही असे घर प्रत्येकास मिळवून देणे अवघड आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत आपण सोपे काम वारंवार केले. अवघड काम अद्याप शिल्लक आहे, एवढेच या अभ्यासाच्या शेवटी नम्रपणे नमूद करावेसे वाटते.